डोस वाढवण्याआधी विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझे सासरे, अण्णा, वय ७४. गेल्या श्रावणात पहाटे बाथरूममध्ये चक्कर येऊन पडले. कपाळाला चार टाके पडले, हाड मोडले नाही ही देवाची कृपा. रुग्णालयात नेले तेव्हा बीपी ९४/६० होते. त्याआधी सहा महिने हेच बीपी १७०च्या खाली यायला तयार नव्हते.

आम्ही दादरची चाळ सोडून मुलुंडला आलो, पण अण्णांनी फॅमिली डॉक्टर बदलले नाहीत. तीस वर्षांचा ऋणानुबंध. दवाखान्यात जायचे तर लोकलने जायचे. लोकलमध्ये शौचालय नसते आणि स्टेशनवरच्याची अवस्था आपण सगळे जाणतो. अण्णांच्या बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारे औषधही होते. सकाळी ती घेतली की तासा-दोन तासांत दोन-तीनदा जावे लागे. एकदा घाटकोपर ते दादर त्यांची फार वाईट अवस्था झाली. तेव्हापासून बाहेर पडायच्या दिवशी ते गोळी घेईनासे झाले. आठवड्यातून तीन दिवस ते मित्रांना भेटायला शिवाजी पार्कला जात, आणि दवाखान्याचा दिवस तर बाहेर पडण्याचाच. म्हणजे बीपी मोजले जाई ते नेमके गोळी चुकवलेल्या दिवशी!

"गोळ्या वेळेवर घेता ना?" डॉक्टर विचारत. "हो हो," अण्णा म्हणत. इतक्या जुन्या डॉक्टरांना नाही कसे म्हणणार? आणि कारण सांगायची लाज. आकडा चढाच दिसला म्हणून आधी डोस वाढला, मग दुसरी गोळी जोडली गेली.

आषाढात गुडघ्यांमुळे अण्णा घरीच बसले आणि औषधांची जबाबदारी मी घेतली. सात खणांची डबी आणली. चिठ्ठीवर लिहिलेली प्रत्येक गोळी रोज, वेळेवर, माझ्या हाताने दिली. तिसऱ्या आठवड्यात ते पडले. ही गोष्ट माझ्या मनातून अजून जात नाही.

उलगडा केला तो रुग्णालयातल्या एका तरुण डॉक्टरने. त्याने "घेता ना?" असे विचारलेच नाही. खुर्ची जवळ ओढून म्हणाला, "आजोबा, गोळी सगळ्यांचीच राहते. तुमची आठवड्यातून किती वेळा राहायची?" अण्णा क्षणभर थांबले आणि म्हणाले, "तीनदा. कधी चारदा." मी शेजारीच उभी होते. घरातल्या कुणालाही हे माहीत नव्हते.

अण्णा काही जगावेगळे नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३च्या अहवालानुसार श्रीमंत देशांतही दीर्घ आजारांत औषधे सांगितल्याप्रमाणे घेण्याचे प्रमाण सरासरी ५० टक्केच आहे. आपल्यासारख्या देशांत ते त्याहून कमी. कुणी महिनाअखेर गाठायची म्हणून पाकीट एक दिवसाआड पुरवते. शेजारच्या काकू चतुर्थीला निर्जळी उपास करतात, पण शुगरची ग्लिमेपिराइड मात्र न चुकता घेतात. दुपारी हातपाय थरथरतात, घाम फुटतो. शुगर खाली गेल्याचीच ही लक्षणे, पण काकूंना तो उपासाचा थकवा वाटतो. उपास करता का, हे त्यांना कुणी विचारलेले नाही.

डॉक्टरांची अडचण मला दिसते. संध्याकाळी बाहेर बाकावर तीस-चाळीस माणसे, एकेकाला मिळून दोन-तीन मिनिटे. तरीही नवी गोळी लिहिण्याआधी जुनी पोटात जाते का हे शोधायला त्यातले एक मिनिट द्यावे, अशी कळकळीची विनंती आहे. नाही तर न घेतलेल्या औषधावर औषध चढत जाते आणि ज्या दिवशी रुग्ण शहाण्यासारखा सगळे घेऊ लागतो, त्याच दिवसापासून धोका सुरू होतो.

दुसरे चिठ्ठीचे. औषधाचे मूळ (जेनेरिक) नाव वाचता येईल असे, शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहावे, अशी दुरुस्ती भारतीय वैद्यक परिषदेच्या नियमांत २०१६ सालीच झाली आहे. ती पाळली जावीच, पण सोबत गोळी कशासाठी आहे हेही मराठीत दोन शब्दांत लिहावे. केमिस्ट सुट्या गोळ्या देताना पाकीट कात्रीने कापतात. नाव एका तुकड्यावर जाते, मुदत दुसऱ्यावर. अण्णांच्या ड्रॉवरमध्ये असे पाच तुकडे निघाले. त्यातले दोन कशाचे, हे मला आजही सांगता येणार नाही.

डॉक्टरांनी आता लघवीच्या औषधाशिवायची गोळी दिली आहे, जोडलेली दुसरी बंद केली आहे. अण्णा पुन्हा शिवाजी पार्कला जाऊ लागलेत. दवाखान्यात जाताना आम्ही फाइलीबरोबर घरातल्या सगळ्या औषधांची पिशवी नेतो, आणि राहिलेल्या गोळ्या आधी मोजून दाखवतो.

आपली,
एक वाचक, मुलुंड (पूर्व), मुंबई