टॅलीचा व्हिडिओ करायला बसशील तेव्हा

अमळनेर,
आखाजीनंतरचा चौथा दिवस

प्रिय लंबू,

परवा फोनवर तू विचारलंस, "स्क्रीन रेकॉर्ड कशी करतात रे, दोन मिनिटांत सांग." तेवढ्यात तुझ्या शेठनी हाक मारली आणि फोन बंद. तसं बघितलं तर दोन मिनिटंही जास्त आहेत, एक बटण दाबलं की रेकॉर्डिंग सुरू. पण तुझं दुखणं वेगळं आहे. दर सहा महिन्यांनी तुमच्या सुरतेच्या मार्केटात नवा पोरगा येतो, तू त्याला टॅलीत, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरात, पहिल्यापासून खरेदी-विक्रीची नोंद शिकवतोस आणि तो तयार झाला की हजार रुपये जास्त मिळतात म्हणून शेजारच्या दुकानात जातो. म्हणून तो धडा तुला एकदाच व्हिडिओत भरून ठेवायचाय. त्याच्यावर औषध एका बटणात नाही. क्लासला सुट्टी आहे, दुपारी घराबाहेर पाय ठेवायची सोय नाही, म्हणून कूलरसमोर बसून सविस्तर लिहितोय.

सॉफ्टवेअरचं आधी उरकून टाकतो. विंडोजमध्ये विंडोजचं बटण आणि जी दाबलं की गेम बार येतो, त्यातही रेकॉर्डिंग होतं. पण ते एका वेळी एकाच प्रोग्रामचं. तू टॅलीतून एक्सेलमध्ये आणि तिथून जीएसटीच्या पानावर उड्या मारणार, तिथे त्याचा उपयोग नाही. कॅमटेशिया चांगलं आहे, कापाकापीची सोय त्यातच आहे, पण पैसे मोजावे लागतात. मी ओबीएस स्टुडिओ वापरतो. २०१२ साली ते खेळ खेळणाऱ्यांसाठी निघालं, आपला खेळ लोकांना थेट दाखवता यावा म्हणून. आजही फुकट आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. उघडल्यावर सीन, सोर्स, मिक्सर असे पाचसहा चौकोन दिसतील. घाबरू नकोस. सोर्समध्ये 'डिस्प्ले कॅप्चर', म्हणजे अख्खी स्क्रीन, घातलं की आपलं निम्मं काम झालं.

लॅपटॉपवर कदाचित नुसतंच काळं दिसेल. मी या काळ्या चौकोनापायी एक अख्खा रविवार घालवला आहे, तू घालवू नकोस. बऱ्याच लॅपटॉपांत ग्राफिक्सचे दोन भाग असतात. स्क्रीन एकावर चालते, ओबीएस दुसऱ्यावर, आणि मग त्याला काही दिसत नाही. त्या सोर्सच्या प्रॉपर्टीजमध्ये कॅप्चर मेथड म्हणून विंडोज १० वाली निवड. बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं.

आता एक नुकसानीची गोष्ट. मागच्या उन्हाळ्यात क्लासमधल्या डेस्कटॉपवर मी जीएसटीचा चाळीस मिनिटांचा धडा करत होतो. आमच्या इन्व्हर्टरवर पंखे आणि ट्यूबलाइट एवढंच चालतं. शेवटची पाच मिनिटं उरली आणि लाईट गेली. परत आल्यावर बघतो तर फाइल जागेवर, वजनही चांगलं भरभक्कम, पण उघडेना. कोणत्याच प्लेअरमध्ये उघडेना. नंतर कळलं की एमपी४ फाइलीत कुठला तुकडा कुठे आहे याची यादी सहसा सगळ्यात शेवटी, रेकॉर्डिंग थांबवताना लिहिली जाते. तुझ्या भाषेत सांगायचं तर पावत्यांचा गठ्ठा शाबूत, पण खतावणीच झालेली नाही. एमकेव्ही फाइलीचं तसं नसतं, वीज गेली तर तोवरचं सगळं वाचतं. तेव्हा सेटिंग्जमध्ये रेकॉर्डिंगचा फॉरमॅट एमकेव्ही ठेव आणि काम झालं की फाइल मेनूतून 'रीमक्स रेकॉर्डिंग्ज' कर. काही सेकंदांत एमपी४ तयार होते, चित्राचा दर्जा जराही उतरत नाही. सुरतेत लाईट जात नाही असं तू म्हणशील. तरी ठेव.

बरं, फाइल किती मोठी होते, हे तू विचारणारच. १९२० गुणिले १०८० म्हणजे वीस लाखांच्या वर ठिपके. प्रत्येकाला ३ बाइट धरले तर एका चित्राला ६ एमबीपेक्षा जास्त, आणि सेकंदाला ३० चित्रं म्हणजे १८० एमबीच्या पुढे. एवढं कोण साठवणार? म्हणून सॉफ्टवेअर आधीच्या चित्रापेक्षा जे बदललं तेवढंच लिहून ठेवतं. टॅलीचं पान स्थिर असतं, नुसते आकडे उमटतात, त्यामुळे फाइल चिमुकली होते. तू मात्र लांबलचक लेजर, म्हणजे खात्याचा उतारा, भराभर खाली ओढलंस की अख्खं पान बदलतं, फाइल फुगते आणि अक्षरंही पुसट होतात. आपल्या कामाला सेकंदाला १५ चित्रं पुष्कळ झाली. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवू नकोस, डॉक्युमेंट म्हणून पाठव. व्हिडिओ म्हणून पाठवला की तो पुन्हा दाबून लहान केला जातो आणि ३ कुठला, ८ कुठला ते कळत नाही. हिशेबाच्या धड्यात हे म्हणजे कल्याणच.

हे सगळं मी यंत्राशी भांडून शिकलो. खरी गोष्ट शिकलो ती एका पोराकडून.

जवळच्या खेड्यातून क्लासला येतो तो. वडिलांची कापसाची शेती. विक्रीच्या नोंदीवरचा माझा अकरा मिनिटांचा व्हिडिओ त्याने घरी पाहिला आणि दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाला, "सर, मधलं काही समजलं नाही." मला जरा रागच आला. तीनदा रेकॉर्ड करून, घासूनपुसून केलेला व्हिडिओ होता तो. म्हटलं बस इथे, माझ्यासमोर बघ. मी एक शब्द बोलणार नाही.

त्याने खिशातून फोन काढला. काचेला तडा गेलेला, ब्राइटनेस अगदी कमी, बॅटरी पुरावी म्हणून. बघायला लागला. अकरा मिनिटांच्या व्हिडिओला त्याला पस्तीस मिनिटं लागली. थांबवायचा, वहीत लिहायचा, मागे न्यायचा. एका जागी चार वेळा मागे गेला. मी डोकावून पाहिलं. विक्रीच्या व्हाउचरमध्ये, म्हणजे नोंदीच्या पानावर, पार्टीचं (माल घेणाऱ्याचं) नाव यादीत नव्हतं, म्हणून मी तिथल्या तिथे नवीन खातं उघडलं होतं. माझा आवाज म्हणत होता, "आता इथे नवीन खातं उघडून घ्यायचं," आणि पडद्यावर खातं उघडायचं पान येत होतं. पोरगा माझ्याकडे वळून म्हणाला, "सर, तुम्ही काहीच केलं नाही, अन् पान बदललं."

लंबू, मी ऑल्ट धरून सी दाबलं होतं. वीस वर्षं दाबतोय, त्यामुळे दाबल्याचं मला कळतही नाही. वर्गात पोरं माझे हात बघतात, मी काचेवर बोट ठेवतो, "इथे, इथे" म्हणतो. टॅली म्हणजे सगळा बोटांचाच खेळ, एफ८ विक्रीला, एफ९ खरेदीला, एफ५ पेमेंटला, कंट्रोल-ए की नोंद पक्की. आणि स्क्रीन रेकॉर्डिंगमध्ये बोटंच नसतात. निम्मं टॅली मी गाळूनच टाकलं होतं, आणि वर व्हिडिओ छान झाला म्हणून खूश होतो.

तेव्हापासून मी आधी बोलतो, मग दाबतो. "ऑल्ट धरायचं, सोडायचं नाही, आता सी." मनात एक-दोन म्हणायचं आणि मग दाबायचं. पहिल्या दिवशी स्वतःचंच ऐकताना लाज वाटते, कोणी ठोंब्याला शिकवतोय असं वाटतं. वाटू दे. दाबलेली बटणं पडद्याच्या कोपऱ्यात दाखवणारी छोटी सॉफ्टवेअरंही मिळतात. टॅलीसाठी ती मोलाची आहेत, फक्त पासवर्ड टाकताना बंद करायला विसरू नकोस, नाहीतर पासवर्डही कोपऱ्यात झळकेल. मायक्रोसॉफ्टचं झूमइट नावाचं फुकटचं अवजार आहे. कंट्रोल आणि १ दाबलं की स्क्रीनचा हवा तो भाग मोठा होतो, कंट्रोल आणि २ दाबून लाल रेघ ओढता येते. माझ्या काचेवरच्या बोटाचं काम आता ती रेघ करते.

त्या तडा गेलेल्या फोनने आणखी एक शिकवलं. आपण व्हिडिओ करतो चांगल्या मोठ्या मॉनिटरवर आणि बघणारा बघतो तळहाताएवढ्या काचेवर. मग रेकॉर्डिंगच्या आधी विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये स्केल १५० टक्के करून टाकायचं. सगळं बटबटीत दिसतं, तेच हवंय. ओबीएसमध्ये १२८० गुणिले ७२० ठेवलंस तरी चालेल. झालेला व्हिडिओ आधी स्वतःच्या फोनवर, हात लांब धरून बघ.

आवाजाचं तर विचारूच नकोस. इथे पारा ४४ च्या आसपास आणि कूलर म्हणजे घरात उभी केलेली पिठाची गिरणी. कूलर चालू ठेवला तर आवाज बुडतो, बंद केला तर मी बुडतो, घामात. ओबीएसमध्ये माइकला नॉइज सप्रेशनचा फिल्टर लावता येतो, त्यातला आरएननॉइज हा प्रकार पंख्याची घरघर बरीच खातो. पण कूलर त्याच्याही आवाक्याबाहेरचा. म्हणून पहाटे पाचला उठून, खिडक्या लावून, डोक्यावरून गोधडी घेऊन मी बोलतो. हसू नकोस. गोधडीत आवाज घुमत नाही. महागडा माइकही लागत नाही, वायरवाल्या इअरफोनचा माइक कॉलरला लावला तरी लॅपटॉपच्या माइकपेक्षा बरा. फक्त तोंडासमोर धरू नकोस, 'प' आणि 'भ' फटाक्यासारखे वाजतात.

आणि हो, रेकॉर्डिंगच्या आधी व्हॉट्सअ‍ॅप वेब बंद कर. माझ्या बॅलन्सशीटच्या धड्यात अगदी गंभीर जागी उजव्या कोपऱ्यात निरोप उगवला, "येताना भरताची वांगी आणा." मला तो दिसलाच नाही. साठ पोरांना व्हिडिओ गेला. अजून कोणीतरी विचारतं, "सर, वांगी आणली का?" हे हसण्यावारी गेलं, कारण वांगीच होती. तुझ्या पडद्यावर शेठच्या पार्ट्यांची नावं, त्यांचे जीएसटी नंबर, बँकेतली शिल्लक. तो व्हिडिओ सोडून गेलेल्या पोराबरोबर शेजारच्या दुकानात जाणार आहे, हे धरूनच चाल. टॅलीत सरावाची वेगळी कंपनी उघड, खोट्या पार्ट्या घाल आणि त्यातच रेकॉर्ड कर. पण लायसन असलेल्या मशीनवर कर. आमच्या क्लासमध्ये एज्युकेशनल मोड, म्हणजे बिनलायसनची शिकायची टॅली आहे, त्यात महिन्याच्या १, २ आणि ३१ अशाच तारखा चालतात. माझ्या पोरांना खरंच वाटतं की व्यापारी महिन्यातले तीनच दिवस दुकान उघडतात.

लांबीबद्दल माझं मत आता पक्कं झालंय. आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प आहे, त्यांचे धडे साधारण दहा मिनिटांचे असतात आणि बघणाऱ्याने अर्ध्या पडद्यावर व्हिडिओ ठेवून अर्ध्यावर स्वतः तेच करायचं, अशी पद्धत. मराठीतही आहेत. त्यांच्याकडूनच मी एक युक्ती उचलली, चित्र तेच ठेवून आवाज बदलायचा. पण दहा मिनिटंही मला आता जास्त वाटतात. एका व्हिडिओत एकच काम, तीन-चार मिनिटं. पोरगा अडतो तो पार्टी उघडताना किंवा डेबिट नोट करताना. त्याला तेवढंच हवं असतं, माझं "नमस्कार विद्यार्थी मित्रहो" नको असतं.

आवाज बदलण्याचं म्हणालो ते तुझ्यासाठीच. आधी मी अगदी पुस्तकी मराठीत बोलायचो, आकाशवाणीवर बातम्या दिल्यासारखं. पोरं पेंगायची. एकदा कंटाळून अहिराणीत सुरू केलं, "आते मी काय करस, ते दख," आणि तोच व्हिडिओ पोरांनी एकमेकांना सगळ्यात जास्त पाठवला. तुझ्याकडे सुरतेच्या उधना भागातून येणारी निम्मी पोरं आपल्याकडचीच, बाकीची हिंदी बोलणारी. चित्र एकदाच नीट रेकॉर्ड कर आणि त्यावर दोन आवाज चढव, एक हिंदी, एक अहिराणी. तुझी अहिराणी गंजली असेल तर वहिनींना बोलायला बसव, त्यांची अजून धारदार आहे.

पहिला व्हिडिओ खरेदीच्या नोंदीचा कर. एफ९ पासून कंट्रोल-ए पर्यंत, बस. मला पाठवायच्या आधी एखाद्या नव्या पोराला दाखव आणि तो बघताना तू तोंड बंद ठेव, हे तुला जड जाईल. कुठे मागे नेतो ते फक्त कागदावर टिपून घे. तो कागदही मला पाठव.

आईने तुझ्यासाठी बिबड्यांचा डबा भरून ठेवलाय. ताप्ती लाइनीच्या गाडीने कोणी येणार-जाणार असेल तर कळव, स्टेशनवर आणून देतो. मागचा रिकामा डबा तुझ्याकडेच आहे, आई दर दोन दिवसांनी त्याची आठवण काढते. तुझी आठवण त्यानंतर.

तुझा,
चष्म्या