तत्त्वज्ञान माहितीपुस्तिकेत आहे, वर्गात नाही : उच्च शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस
स. न. वि. वि.

मी यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यात कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो. बारावीच्या निकालानंतर बी.ए.चे विषय ठरवायला मुले येतात आणि त्यांत एखाद्याला तत्त्वज्ञान शिकायचे असते. यंदा एका मुलीला शिकायचे होते. महाविद्यालयाच्या माहितीपुस्तिकेत विषय छापलेला होता, प्रवेशाच्या खिडकीवर मात्र, "त्या विषयाले पोट्टे भेटत नाही, मास्तरही नाही, इतिहास घेऊन टाक," असे उत्तर मिळाले. तिने इतिहास घेतला.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने मुख्य विषयासोबत गौण विषय निवडण्याची मोकळीक दिली, हे चांगलेच झाले. परंतु आमच्याकडे महाविद्यालय निवडले जाते ते एस.टी.च्या वेळेवरून, आणि तिथे जे शिकवले जाते तेवढीच काय ती निवड. 'स्वयम्' या केंद्र सरकारच्या ऑनलाइन व्यासपीठावरील अभ्यासक्रमांचे श्रेयांक (क्रेडिट) घेता येतात, हे मी मुलांना सांगतो. तेथील बहुतेक व्याख्याने इंग्रजीत असतात, पण खरी अडचण निराळीच आहे. न्यायदर्शन या भारतीय तर्कपरंपरेतले 'पर्वतावर धूर आहे, म्हणून तेथे अग्नी आहे' हे अनुमान कोणालाही पाठ करता येईल. मात्र प्रत्यक्ष अनुभवालाच प्रमाण मानणारे चार्वाक ते का मानत नाहीत, धूर आणि अग्नी यांचे साहचर्य सर्वत्र असते हे आपण कशावरून म्हणतो, असे विचारणारा विद्यार्थी आणि ते ऐकून घेणारा शिक्षक समोरासमोर नसतील, तर तत्त्वज्ञानाचा तास झाला असे म्हणता येत नाही. म्हणून कोणी सल्ला विचारला की मी अभ्यासक्रमात तर्कशास्त्र आणि ज्ञानमीमांसा (ज्ञान म्हणजे काय, ते कसे होते याचा विचार) आहे का ते पाहायला सांगतो, आणि त्याहीआधी शिक्षक आहे का, याची चौकशी करायला सांगतो. (महानुभाव पंथाच्या तत्त्वज्ञानाचे केंद्र असलेल्या रिद्धपूरचा अभिमान आपण सारेच मिरवतो, त्याच विदर्भातल्या या तालुक्यात ही चौकशी करावी लागते.)

आपणांस विनंती अशी की, प्रवेश सुरू होण्यापूर्वी प्रत्येक महाविद्यालयाने कोणते विषय प्रत्यक्ष शिकवले जाणार आणि त्यांचा शिक्षक नियमित आहे की तासिका तत्त्वावरचा, हे जाहीर करणे बंधनकारक करावे. जेथे विद्यार्थी थोडे आहेत, तेथे शेजारच्या दोन-तीन महाविद्यालयांना मिळून तत्त्वज्ञानाचा एक पूर्णवेळ शिक्षक द्यावा, त्याच्या प्रवासभत्त्याची तरतूद करावी, आणि पहिल्याच वर्षी पटसंख्या कमी म्हणून विषय बंद करू नये. पुढील प्रवेशप्रक्रियेपूर्वी याबाबत शासन निर्णय निघावा, ही अपेक्षा.

आपला,
एक शिक्षक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ