दागिने दिलेले दिसतात, फेडलेलं कर्ज दिसत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला स्पेनच्या राणी इसाबेलावरचा लेख वाचला आणि रात्रभर तोच डोक्यात राहिला. कोलंबससाठी तिने अंगावरचे दागिने गहाण टाकले, ही दंतकथा तुम्हीही छापलीत. १४९२ साली त्या मोहिमेसाठी ११ लाख ४० हजार मारावेदी (तेव्हाची स्पॅनिश नाणी) उभे केले ते दरबारातल्या लुईस दे सांतांखेलने. राणीचा माणकांचा हार आणि मुकुट ग्रानादाच्या लढाईपायी आधीच व्हॅलेन्सियात गहाण पडले होते.

चूक कुणाकडूनही होते. पण तिने देणी फेडायची काय सोय केली, यावर एक ओळ नसावी? १२ ऑक्टोबर १५०४ ला मेदिना देल काम्पोत केलेल्या मृत्युपत्रात तिने बजावलं आहे, मी गेल्यावर वर्षाच्या आत माझी सगळी देणी चुकती करा. अंत्यविधीचा थाट नको, तो पैसा गरिबांच्या कपड्यांना द्या. दागिन्यांतले आवडतील ते नवऱ्याने आठवण म्हणून ठेवावेत. पुढे तिच्या चीजवस्तूंचा लिलाव झाला.

मला हे लागतं, कारण आमच्या घरी हेच झालं. १९७२च्या दुष्काळात विहिरीसाठी आईच्या पाटल्या आणि ठुशी सावकाराकडे गेली. हे सगळ्यांना पाठ आहे. पुढची नऊ वर्षं कपडे शिवून, दोन म्हशींचं दूध घालून तिने मुद्दल आणि व्याज फेडलं. प्रत्येक हप्ता माझ्या शाळेच्या वहीच्या मागच्या पानांवर लिहिला. तिच्या वर्षश्राद्धाला काका डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, “वहिनींनी अंगावरचं सोनं काढून दिलं.” वही माझ्या मांडीवर होती. मी वाचायला लागले, तर म्हणाले, “राहू दे आता, पानं वाढली आहेत.”

दुरुस्ती छापाल तेव्हा सांतांखेलच्या नावावर थांबू नका. मृत्युपत्रातली ती वर्षभराची मुदतही छापा.

आणि कृपा करून पुरवणीत गडद रंगावर पांढरी अक्षरं छापणं बंद करा. हा लेख मला नातीकडून वाचून घ्यावा लागला.

आपली,
एक जुनी वाचक, कराड