यथेच्छसि तथा कुरु

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "आई, देवाला सगळं आधीच ठाऊक असेल, तर मी ही नोकरी घेतली काय नि सोडली काय, व्हायचं ते ठरलेलंच." तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली आणि बोलणं राहिलं. पण ते वाक्य काही मनातून जाईना.

लहानपणी तुझ्यापुढे लाडू आणि चकली ठेवली, तर तू चकलीच उचलणार हे मला माहीत असायचं. म्हणून काही मी तुझा हात धरून चकलीकडे नेला नव्हता. पण हे उदाहरण लंगडं पडतं. माझा तो अंदाज, चुकलाही असता. देवाचं जाणणं चुकत नाही, आणि तुझी अडचण नेमकी तीच आहे.

मला वाट दिसली ती दिवे घाटात. माउलींची पालखी सासवडकडे घाट चढत होती, आम्ही वरच्या वळणावर उभे होतो. चालणाऱ्याला पुढच्याची पाठ तेवढी दिसते. वरून मात्र पुढची दिंडी नि मागची दिंडी एकदमच दिसत होती. एक बाई रांगेतून बाजूला झाली, दगडावर टेकली आणि चपलेच्या तुटलेल्या अंगठ्याला पिन लावू लागली. ती बसली म्हणून मला बसलेली दिसली. मी बघत होते म्हणून ती बसली नाही. देवाच्या बघण्यात 'आधी' नि 'नंतर' असेलच कशाला? ते 'आधी' आपलं, चालणाऱ्यांचं.

तरी गीतेतलं एक वचन मला अजून टोचतं. अकराव्या अध्यायात भगवंत म्हणतात, यांना मी आधीच मारलंय, तू निमित्तमात्र हो. त्यावर मी कितीदा अडले आहे! पण झालेलं, चाललेलं, होणारं सगळं मी जाणतो असं सातव्यात सांगणारा तोच कृष्ण अठराव्यात म्हणतो, 'विमृश्यैतदशेषेण यथेच्छसि तथा कुरु'. याचा पुरता विचार कर आणि मग तुला वाटेल तसं कर. पुढे नऊच श्लोकांनी तो अर्जुनाला विचारतो, लक्ष देऊन ऐकलंस ना? मोह गेला ना? सगळं जाणणारा विचारतो, आणि उत्तरासाठी थांबतो! मग अर्जुन स्वतःच्या तोंडानं म्हणतो, 'करिष्ये'.

बाबा तुझी पत्रिका दाखवायला न्यायची म्हणत होते. मी ती परत कपाटात ठेवली. शुक्रवारपर्यंत कळवायचं आहे ना तुला? तू ठरव. शनिवारी दुपारी फोन कर, मी वाट बघते.

तुझी,
आई