ट्रिमर माप धरत नाही: पुंगळी पकडणारा कोलेट बदलून मिळण्याबाबत

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय: .३०८ विंचेस्टर या रायफल काडतुसाच्या पितळी पुंगळ्या कापायच्या ट्रिमरमधील दोष

महोदय,

मी ओहायोत राहतो आणि गेली अकरा वर्षं टार्गेट शूटिंगची काडतुसं घरीच भरतो. इथे स्वतःपुरतं भरायला परवाना लागत नाही. मार्चमध्ये तुमचा हाताने फिरवायचा ट्रिमर घेतला. खोक्यावर पुण्याचा पत्ता होता म्हणून मुद्दाम तोच घेतला, आणि म्हणूनच हे पत्र मराठीत.

यंत्र माप धरत नाही, एवढीच तक्रार आहे, पण ती लहान नाही.

पुंगळी झाडली आणि साइझिंग डायमधून, म्हणजे तिला मूळ आकारात आणणाऱ्या साच्यातून, काढली की पितळ पुढे सरकतं, मान लांबते. .३०८ ची कमाल लांबी ५१.१८ मिमी, कापून ५०.९३ वर आणायची. मी साइझ करून पुसलेल्या पन्नास पुंगळ्या घेतल्या, कापायची लांबी ठरवणारा स्टॉप बांधला आणि एकेक कापली. कॅलिपरवर सगळ्यात आखूड ५०.८० भरली, सगळ्यात लांब ५१.२६. कापूनसुद्धा सात पुंगळ्या मर्यादेबाहेर!

तुमच्या प्रतिनिधींनी फोनवर सांगितलं, स्टॉपचा स्क्रू सैल असेल. तसं असतं तर माप एकाच दिशेने सरकत गेलं असतं. इथे ते वरखाली होतं. मग एकच पुंगळी कापली, कोलेटमधून काढली, तशीच परत बसवली. कटरने पुन्हा पितळ काढलं. तिसऱ्यांदाही बारीक सोनेरी कीस पडला. म्हणजे आवळताना कोलेट पुंगळीला दर वेळी वेगळं मागे ओढतो. भिंगातून पाहिलं तर त्याच्या एका जबड्याच्या आत बर, म्हणजे धातूची खरबरीत कड, तशीच राहिली आहे, नखाला लागते. कापलेली पुंगळी काचेवर तोंडावर उभी केली तर डुलते.

मी प्रत्येक पुंगळी मोजतो म्हणून हे कळलं. तुमच्या माहितीपत्रकात मात्र लिहिलंय की पहिली मोजा आणि बाकीच्या तशाच कापा. लांब पुंगळीचं तोंड चेंबरच्या (बंदुकीत काडतूस बसतं त्या पोकळीच्या) पुढच्या टोकाला जाऊन अडकतं, बुलेट सोडायला त्याला फाकायला जागा उरत नाही आणि दाब भलताच वाढतो. नवख्या माणसाचा चेहरा चेंबर मागून बंद करणाऱ्या बोल्टच्या मागे असतो. ते वाक्य आधी बदला, ही माझ्या पैशांपेक्षा मोठी मागणी आहे.

मला तपासून पाठवलेला नवा कोलेट पंधरा दिवसांत हवा. जमत नसेल तर यंत्र परत घ्या, पैसे आणि येण्याजाण्याचं टपाल द्या. बिलाची प्रत, पन्नासही मापांचा तक्ता आणि जबड्याचे फोटो सोबत जोडले आहेत. त्या सात पुंगळ्या मी भरलेल्या नाहीत. वेगळ्या डब्यात ठेवल्या आहेत, तुमच्या तपासणी विभागाला हव्या असतील तर पाठवतो.

आपला,
(सही)