भूप दोनदा, अहीर भैरव दोनदा

मिरज, 18 जून

चि. ओंकार यास अनेक आशीर्वाद.

खोकं पाठवलंय. वर भडंग, खाली दोन एलपी, म्हणजे मोठ्या तबकड्या, आणि चार कॅसेट. भडंग खाऊन हात साबणानं धुतल्याशिवाय तबकडीला हात लावायचा नाही. तेलकट बोट लागलं की खाचेत धूळ चिकटून बसते आणि मग प्रत्येक फेऱ्याला टक्‌ टक्‌ सुरू. कड आणि मधला कागद, एवढ्याच दोन जागा धरायच्या.

तू पन्नास अल्बमची यादी मागितलीस. ती देत नाही. पन्नास अल्बम एकेकदा ऐकून कानात काही राहत नाही. हे थोडेच घे, पण एका बैठकीला एक अख्खी बाजू ऐक. एलपीच्या एका बाजूत जेमतेम वीस-बावीस मिनिटं मावतात, आणि काय आधी, काय नंतर हे त्या मापात बसवूनच ठरवलेलं असतं.

पहिली एलपी ‘कॉल ऑफ द व्हॅली’, एचएमव्हीची, 1967 सालची. संतूर शिवकुमार शर्मा, बासरी हरिप्रसाद चौरसिया, गिटार ब्रिजभूषण काब्रा, तबला माणिकराव पोपटकर. काश्मीरमधल्या मेंढपाळाचा एक दिवस त्यात रागांमधून उलगडतो: पहाटेचा अहीर भैरव, मग नट भैरव, पिलू, संध्याकाळचा भूप, रात्रीचा देस आणि शेवटी पहाडी. मोबाईलवर ऐकणार असशील तर शफल आधी बंद कर, नाहीतर रात्रीनंतर दुपार उगवेल. दोन तुकड्यांची टोकं एकमेकांत मिसळणारं क्रॉसफेडही बंद.

पहिल्यांदा नुसतं ऐक. दुसऱ्यांदा कान फक्त गिटारवर ठेव. ती आडवी ठेवून, तारेवर धातूचा तुकडा सरकवत वाजवलेली आहे, त्यामुळे तिला लांब मींड घेता येते, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाता येतं. तिसऱ्यांदा संतूर. त्यात काडीचा आघात झाला की स्वर त्याच क्षणी विरायला लागतो. लांब स्वराचा भास हवा तर काड्या तारेवर भराभर थरथरवाव्या लागतात. बासरीचा स्वर फुंक असेपर्यंत टिकतो. एकच वाक्य तीन वाद्यांकडे फिरताना त्याचं काय काय होतं, हे चौथ्या-पाचव्या ऐकण्यात कळायला लागतं. त्याआधी ते नुसतंच गोड वाटतं.

अहीर भैरव संपला की थांब आणि भीमसेनांच्या अभंगवाणीची कॅसेट लाव. ‘तीर्थ विठ्ठल’, अभंग नामदेवांचा, चाल राम फाटकांची. चालीचा आधार तोच, अहीर भैरव. कोमल रिषभ (रे) आणि कोमल निषाद (नी) ओळखीचे वाटतील. तिकडे ते स्वर हळूहळू उजाडत गेले होते, इथे एकाच शब्दाच्या पुनरुक्तीवर उभे आहेत. राग समजावून सांगणाऱ्या कुठल्याही व्हिडिओपेक्षा ही जोडी जास्त शिकवते.

भूपाचंही तसंच. दुसरी एलपी किशोरी आमोणकरांची, एका बाजूला भूप आणि दुसऱ्या बाजूला बागेश्री. लोक सुई थेट ‘सहेला रे’वर ठेवतात. तसं करू नकोस. आधीच्या ‘प्रथम सूर साधे’मध्ये त्यांनी गंधार मांडून ठेवलेला असतो, त्यावरच ‘सहेला रे’ उभी आहे. भूपात स्वर पाचच: सा, रे, ग, प, ध. देसकारातही हेच पाच. फरक मुक्कामाचा आहे. भूप गंधारावर (ग) बसतो, देसकार धैवतावर (ध). किशोरीताई कुठे थांबतात तेवढंच बघ, आणि मग संतूर-बासरीचा भूप परत लाव. (मधूनच सुई टेकवायची वेळ आलीच तर शेजारच्या लिव्हरनं टेकव. हात थरथरला की ओरखडा कायमचा.)

तिसरं नाव आपल्या गावचं. अब्दुल करीम खाँसाहेब 1937 साली गेले, त्यांची कबर इथे मीरासाहेब दर्ग्यात आहे. 78 आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्यांवरचं त्यांचं गाणं मी कॅसेटवर दिलंय. त्या तबकडीच्या एका बाजूला तीनेक मिनिटंच मिळायची. झिंझोटीतली ‘पिया बिन नाही आवत चैन’ आणि भैरवीतली ‘जमुना के तीर’ दहा वेळा ऐक. तीन मिनिटांत एकही स्वर वाया कसा जात नाही, ते बघ. खरखर असणारच, ती घालवणारे फिल्टर वापरू नकोस. खरखर वरच्या पट्ट्यात असते, आणि ‘स’, ‘च’ची धार न्‌ तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेची झणझणही तिथंच. एक काढायला जावं तर दुसरंही जातं. कुणी मूळ 78ची तबकडी दिली तर एलपीच्या सुईवर लावायची नाही, तिची खाच कितीतरी रुंद असते. ती लाखेची असते, त्यामुळे स्पिरिटनं पुसायचीही नाही. लाख विरघळते.

आता कॅसेटचं. आधी टेप एकदा पूर्ण पुढे आणि एकदा पूर्ण मागे फिरव, मग वाजव. बरीच वर्षं पडून राहिल्यानं पदर चिकटलेले असतात. प्लेअरमधलं हेड (टेप ज्याला घासून जाते ते), त्याच्याजवळची लोखंडी दांडी आणि रबरी रोलर हे तिन्ही आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाच्या काडीनं पूस, काडीवर तपकिरी डाग यायचा थांबेपर्यंत. आवाज दबका आला तर कॅसेटमधली फेल्टची गादी निखळलीय का बघ. गादी जागेवर असेल तर हेडशेजारचा स्प्रिंगवाला छोटा स्क्रू अगदी पाव फेऱ्यानं फिरव आणि ‘स’ सगळ्यात टोकदार येईल तिथं सोड. प्लेअरमधला रबरी पट्टा सैल झाला असेल तर वेग पडतो. सहा टक्के पडला की सूर अर्ध्या स्वरानं उतरतो, पेटीवरच्या काळी एकची पांढरी एक होते. पेटी जवळ ठेवून षड्ज जुळतो का बघ, मगच कॉम्प्युटरवर उतरवून घे.

उतरवताना माइकच्या भोकात वायर घालायची नाही. ते बहुतेक मोनो असतं आणि आवाज फाटतो. लाइन-इन असलेलं यूएसबी साउंड कार्ड घे. 44.1 किलोहर्ट्‌झ, 16 बिट, सर्वांत मोठा आवाज उणे 6 डेसिबलच्या वर जाऊ द्यायचा नाही. तासाची वेव्ह फाइल सुमारे 600 एमबी होते. ती जपून ठेव, एमपीथ्री तिच्यावरून कर. काही ठिकाणी ओळ सुरू व्हायच्या आधी तीच ओळ पुसट ऐकू येईल. ते मशीनचं दुखणं नाही, टेपच्या एका पदराची छाप शेजारच्या पदरावर पडलेली असते.

गीतरामायणही पाठवलंय. 56 गाणी आहेत, एका रविवारी उरकू नकोस. 1955-56 साली पुणे आकाशवाणीवर ती आठवड्याला एक अशी लागायची. त्याच चालीनं ऐक. माडगूळकर आपल्याच जिल्ह्यातले, आटपाडीकडचे, हे तुझ्या तिकडच्या मित्रांना जरूर सांग.

तबकड्या उभ्याच ठेव, एकावर एक रचू नकोस, आणि खिडकीच्या उन्हात तर मुळीच नको. पावसाळ्यात कव्हरांना बुरशी धरते, म्हणून सिलिका जेलच्या चार पुड्या टाकल्यात. खडे निळ्याचे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर परतून परत निळे कर आणि गार झाल्यावरच आत ठेव. खोकं पोचलं की फोन कर.

तुझी,
आई