म्युनिकला बिऱ्हाड मांडण्याआधी

म्युनिक
जानेवारी २०२६

प्रिय बाळ्या,

सप्रेम नमस्कार.

नोकरी पक्की झाल्याचं कळलं, फार बरं वाटलं. तिघांनी एकदमच निघावं की तू आधी यावंस, असं विचारलंस. माझं ऐकशील तर तू आधी ये, आणि घराच्या किल्ल्या हातात पडल्याशिवाय वहिनींची आणि छकुलीची तिकिटं काढू नकोस. कंपनीने दिलेली तात्पुरती जागा एकट्याला पुरते. चार वर्षांच्या पोरीला घेऊन तिथून घर शोधणं म्हणजे तिघांचीही फरफट. शिवाय इथले सगळे कागद एकमेकांत अडकलेले असतात, आणि सुरुवात पत्त्यापासून होते.

तू त्याच्या घरात राहायला आलास असा एक फॉर्म घरमालक सही करून देतो, वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग. नावाला घाबरू नकोस, एका पानाचा असतो. तो आणि पासपोर्ट घेऊन, राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पालिकेत पत्ता नोंदवायचा, ही आनमेल्डुंग. अपॉइंटमेंट लवकर मिळत नाहीत, म्हणून करारावर सही झाली की त्याच दिवशी तारीख शोधायला लाग. तात्पुरत्या जागेचा मालक हा फॉर्म देणार का, तेही आधीच विचारून ठेव; दिला तर तुझं निम्मं काम तिथूनच सुरू होतं. नोंदणीनंतर टपालाने अकरा आकडी स्टॉयर-आयडी, म्हणजे करासाठीचा ओळख क्रमांक, येतो. तो कंपनीकडे पोचला नाही तर पगारातून सगळ्यात महागड्या, सहाव्या वर्गाने कर कापला जाऊ शकतो. जादा कापलेलं परत मिळतं, पण डिपॉझिट भरायच्या महिन्यात ते परतीचं आश्वासन काय कामाचं? वहिनी इथे नोंदल्या गेल्या आणि त्यांची कमाई नसली, तर करवर्ग तीन-पाचसाठी, म्हणजे तुला तिसरा आणि त्यांना पाचवा, अर्ज कर. दरमहा हातात पडणारा पगार बराच वाढतो.

टपालाचं एक लक्षात ठेव. इथल्या पत्त्यात फ्लॅट नंबर नसतो; पोस्टमन आडनाव बघून पत्र टाकतो. टपालपेटीवर आणि बेलवर नाव नसेल तर पत्र सरळ परत जातं, आणि स्टॉयर-आयडी, विम्याचं कार्ड, बँकेचा पिन सगळं टपालानेच येतं. वहिनींनी माहेरचं आडनाव ठेवलंय, तेव्हा दोन्ही आडनावं लाव. पासपोर्टवर पहिल्या नावाला जोडून नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव असतं, ते इथे अख्खंच्या अख्खं पहिलं नाव धरलं जातं. हसू येईल, पण प्रत्येक फॉर्मवर तसंच लिही. एकीकडे मधलं नाव आणि दुसरीकडे नाही, असं झालं की पत्रव्यवहार वाढत जातो.

लग्नाचा दाखला आणि छकुलीचा जन्मदाखला मूळ प्रतीच आण. जन्मदाखल्यावर तिचं नाव आहे ना, हे आजच बघ. जन्मल्या जन्मल्या काढलेल्या दाखल्यावर पुष्कळदा नावाची जागा रिकामी असते. महापालिकेतून ते नाव घालून घेणं पुण्यात बसून सोपं, इथून महाकठीण. लसीकरणाचं कार्डही हवं. गोवराच्या दोन लसी झाल्याचा पुरावा दिल्याशिवाय बालवाडीत घेत नाहीत. मार्च २०२० पासून तसा कायदाच आहे. त्या दोन तारखा अन् डॉक्टरांचा शिक्का नीट वाचता येतो ना, ते तपास.

आता घर. जाहिरातीत ‘काल्ट’ भाडं मोठ्या अक्षरात असतं. त्यात पाणी, जिना झाडणं, कचरा आणि बहुधा हीटिंग असा खर्च मिळवला की ‘वार्म’ भाडं होतं. वीज आणि इंटरनेट त्याहून वेगळं. तीन खोल्यांचं घर म्हणजे हॉल धरून तीन, आपलं टू बीएचके. डिपॉझिट जास्तीत जास्त तीन महिन्यांचं काल्ट भाडं, आणि ते तीन हप्त्यांत द्यायचा कायद्याने हक्क आहे. घर न बघता, किल्ली न घेता कोणी पैसे मागितले तर तो भामटा समज. पुष्कळ घरांत स्वयंपाकघर नावाची फक्त रिकामी खोली असते. ओटा नाही, सिंक नाही, भिंतीतून पाण्याच्या तोट्या बाहेर आलेल्या, आणि छतातून लोंबणाऱ्या वायरींना दिवेही नाहीत. आधीचा भाडेकरू त्याचा ओटा-कपाटं विकत घ्यायला सांगेल. ठीकठाक असेल तर घासाघीस करून घेऊन टाक, कारण नवीन बसवून मिळायला आठवडेच्या आठवडे जातात आणि तोवर वहिनींनी काय बाथरूमच्या बेसिनमध्ये भांडी घासायची? किल्ल्या घेताना ताबापत्रावर मीटरचे आकडे आणि प्रत्येक ओरखडा लिहून घे, फोटो काढ. डिपॉझिट परत मिळतं ते या कागदाच्या जोरावर.

त्या डिपॉझिटवर आपल्या लोकांचं सगळ्यात जास्त भांडण होतं ते बुरशीवरून. हे नीट समजून घे. इथल्या खिडक्या हवाबंद असतात. कुकरची वाफ, आंघोळीची वाफ, खोलीत वाळत घातलेले कपडे, सगळी दमट हवा घरातच कोंडते आणि बाहेरच्या थंड भिंतीला लागली की तिथे पाणी सुटतं. आठ-पंधरा दिवसांत कपाटामागे काळे ठिपके. उपाय असा: दिवसातून तीनदा हीटर बंद करून समोरासमोरच्या खिडक्या सताड उघडायच्या, पाच ते दहा मिनिटं, बाहेर बर्फ असला तरी. खिडकी दिवसभर तिरकी किलकिली ठेवणं हा सगळ्यात वाईट प्रकार. हवा बदलत नाही आणि भिंत मात्र गार पडते. कपाटं बाहेरच्या भिंतीला चिकटवू नका, हातभर नाही तरी चार बोटं जागा सोडा. न वापरातल्या खोलीचा हीटर पूर्ण बंद करून पैसे वाचवायला जाऊ नकोस. दहाएक युरोत आर्द्रता दाखवणारं यंत्र मिळतं, आकडा चाळीस ते साठच्या मध्ये राहिला पाहिजे. आणि ओट्यावरची चिमणी बहुतेक भाड्याच्या घरांत हवा बाहेर टाकतच नाही, गाळून पुन्हा खोलीत सोडते. फोडणी टाकताना दार लावून खिडकी उघडायची.

स्वयंपाकघराचं वहिनींना वाचून दाखव. शेगडी इंडक्शनची असली तर ॲल्युमिनियमचा कुकर तिच्यावर चालणार नाही; बुडाला लोहचुंबक चिकटतो का बघून स्टीलचा आणा, सोबत दोन रिंगा आणि सेफ्टी व्हॉल्व्ह. मिक्सर खुशाल आणा, व्होल्टेज तेच २३०. फक्त तीन पिनांचा प्लग इथे बसत नाही, त्याला दणकट ॲडॉप्टर लागेल. म्युनिकचं पाणी नळाचंच प्यायचं, उत्तम आहे, पण जड आहे. त्यातल्या कॅल्शियममुळे तूरडाळ लवकर शिजत नाही. तासभर भिजवा, चिमूटभर सोडा टाका, मीठ-चिंच मागाहून. किटलीत पांढरा थर धरतो तो सायट्रिक ॲसिडने निघतो, अर्ध्या लिटरला दोन चमचे, पण गार पाण्यातच. उकळलं की त्याचा न विरघळणारा दुसराच थर बसतो.

पोळ्यांसाठी सुपरमार्केटमधलं पीठ घेऊ नका. ४०५ नंबरचं म्हणजे मैदा. गव्हाच्या सबंध पिठात कोंडा जाड असतो आणि ते चक्कीच्या आट्याइतकं पाणी पीत नाही. पोळी कडांना फाटते आणि डब्यात वाळून जाते. भारतीय दुकानातला आटा महाग पडतो, तरी तोच घ्या. भाज्या तुर्की दुकानात: भेंडी, जुड्याच्या जुड्या कोथिंबीर, पुदिना. चक्क्याच्या जागी क्वार्क, म्हणजे इथलं मऊ ताजं चीज, चालतो. चाळीस टक्केवाला अर्धा किलो क्वार्क रात्रभर फडक्यात बांधून फ्रीजमध्ये टांगा, दोनशे ग्रॅम पिठीसाखर, वेलची, केशर. श्रीखंड उत्तम होतं. बिनचरबीचा घेतलात तर खडूसारखं लागेल.

छकुलीच्या बालवाडीसाठी जागेचा अर्ज पत्ता नोंदवल्याबरोबर टाक. जागेचा हक्क कायद्यात आहे, पण रिकाम्या जागा कमी. मिळाल्यावरही पहिले एक-दोन आठवडे, कधी त्याहून जास्त, आई किंवा बापाला सोबत बसावं लागतं. आधी तासभर दोघं, मग थोडा वेळ तिला एकटं सोडून, मग जेवणापर्यंत. तेवढी रजा आधीच राखून ठेव, आणि वहिनींचा जर्मनचा क्लास त्याच महिन्यात लावू नकोस. सुरुवातीचे काही महिने छकुली वर्गात गप्प राहील. शिक्षिका काळजीने बोलावतील, तू घाबरून घरात जर्मन सुरू करशील. ते करू नकोस. तुझ्या मोडक्या जर्मनने तिचं काही भलं होणार नाही. घरात मराठीच बोला, जर्मन ती पोरांकडून शिकेल.

विम्याला फार डोकं लावू नकोस. कुटुंब असेल तर सरकारी विमा, कारण कमाई नसलेली बायको आणि मुलं त्यात फुकट येतात. खाजगीत माणशी हप्ता. बालभत्ता, किंडरगेल्ड, २०२६ पासून महिना २५९ युरो आहे. अर्जाआधीचे जास्तीत जास्त सहा महिनेच मिळतात, म्हणून उशीर नको. रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं पत्र येईल, घरटी महिना १८.३६ युरो. टीव्ही नसला तरी भरायचे. ती फसवणूक नाही. तुझा भारतीय वाहन परवाना सहा महिने चालतो, पुढे लेखी आणि गाडी चालवायची, दोन्ही परीक्षा.

खरं जड जाईल ते वहिनींना. तुला ऑफिस आहे, छकुलीला शाळा होईल. त्यांना पहिले महिने दुपार खायला उठेल, आणि डिसेंबरात तर सूर्य आठला उगवून साडेचारच्या आत मावळतो. घरी फोन करावा म्हटलं तर हिवाळ्यात इथे संध्याकाळचे सहा म्हणजे पुण्यात रात्रीचे साडेदहा, आई झोपलेली. तेव्हा फोन सकाळचा ठेवा. तुझ्या ब्ल्यू कार्डावर, म्हणजे उच्चशिक्षितांच्या नोकरी-परवान्यावर, आलेल्या जोडीदाराला पहिल्या दिवसापासून नोकरीची मुभा असते, हे त्यांना आत्ताच सांग, आणि त्यांची पदवीची प्रमाणपत्रं, गुणपत्रिका, अनुभवाची पत्रं सगळी बॅगेत घाला. ‘मी डिपेंडंट’ असं त्या म्हणू लागल्या तर त्यात तुझाही हात असेल. पुण्यातच ए-वन, म्हणजे अगदी पहिल्या पातळीचं जर्मन करून आल्या तर दुकानात आणि बालवाडीच्या दारात तोंड उघडता येईल. मला विचारशील तर सामानातल्या दहा किलो मसाल्यांपेक्षा हे मोलाचं आहे.

यायचं शक्यतो मार्च-एप्रिलात ठरव. उजेड वाढत असतो, मैदानात मुलं असतात, ओळखी होतात. आणि घराच्या करारावर सही करण्याआधी त्याची सगळी पानं मला पाठव. इथल्या करारांत कधी कधी भाडं दरवर्षी वाढवायचं कलम आणि ठराविक वर्षं घर न सोडण्याचं कलम अधेमधे दडलेलं असतं, ते दोघं मिळून शोधू.

काका-काकूंना नमस्कार, छकुलीला गोड पापा.

तुझा मित्र